मंगोल व्यक्तिनामे

मंगोल व्यक्तिनामे : मंगोलिया, चीनमधील आंतर मंगोलिया आणि रशियातील बुर्यात व काल्मिक प्रदेश येथील मंगोल भाषिक लोकांची नावे. ह्या नावांत प्रामुख्याने तीन थर आढळतात. पहिला थर गवताळ प्रदेशातील भटक्या पशुपालकांच्या मूळ मंगोल शब्दांचा, दुसरा मध्य आशियामार्गे आलेल्या संस्कृत शब्दांचा आणि तिसरा बौद्ध धर्माबरोबर आलेल्या तिबेटी शब्दांचा होय. विसाव्या शतकातील राज्यक्रांतीनंतर ह्या तिन्ही थरांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. उलट दिशेने पाहता, काही मंगोल नावे, बिरुदे व समाजव्यवस्थेतील संज्ञा इराणमार्गे हिंदुस्थानात आल्या आणि दख्खनमध्ये स्थिरावल्या. मराठीतील बहाद्दर, नोकर, दारोगा आणि मोगलाई हे शब्द त्याची साक्ष देतात. नावे माणसांच्या रक्ताबरोबर फारशी प्रवास करीत नाहीत. ती सत्ता व धर्म ह्यांच्याबरोबर प्रवास करतात, ही गोष्ट मंगोल नावांच्या इतिहासातून विशेष स्पष्ट होते. केवळ नावावरून माणसाचा वंश ठरविण्याची प्रवृत्ती आजही प्रबळ असल्यामुळे ह्या इतिहासाला महत्त्व आहे.

प्राचीन नावे : मंगोलांच्या प्राचीन नावांचे प्रमुख साधन म्हणजे तेराव्या शतकात रचला गेलेला 'मंगोलांचा गुप्त इतिहास' हा ग्रंथ. मंगोल साम्राज्याचा संस्थापक तेमुजिन (मृत्यू १२२७) ह्याच्या नावाची हकीकत ह्या ग्रंथात आली आहे. त्याचा बाप येसुगेई ह्याने तातार टोळीतील तेमुजिन-उगे नावाच्या सरदारास पकडून आणले, त्याच सुमारास मुलाचा जन्म झाला आणि बंदिवान शत्रूचे नाव मुलाला ठेवण्यात आले. जगाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध मंगोल पुरुषाचे जन्मनाव अशा रीतीने शत्रूच्या घरचे होते. ते 'लोखंड' ह्या अर्थाच्या 'तेमूर' शब्दाशी निगडित आहे. १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाजवळ भरलेल्या टोळ्यांच्या महासभेने त्याला चंगीझ खान ही पदवी दिली आणि पुढे पदवीनेच जन्मनावाची जागा घेतली.

चंगीझच्या कुटुंबातील नावे साधी व रोजच्या व्यवहारातील आहेत. थोरला मुलगा जोची ह्याच्या नावाचा अर्थ 'पाहुणा'. चंगीझची पत्नी बोर्ते ही मेर्किट टोळीच्या कैदेतून सुटून आल्यावर हा मुलगा झाला, त्यामुळे त्याच्या पितृत्वाविषयी घरातच शंका घेतली गेली. नावाच्या अर्थात त्या शंकेची छाया अनेकांनी पाहिली आहे. धाकट्या तोलुईच्या नावाचा अर्थ 'आरसा', तर तोलुईचा मुलगा मोंगके (१२०९–५९) ह्याच्या नावाचा अर्थ 'शाश्वत'. धातू, दगड, हत्यारे, रंग आणि टिकाऊपणा दर्शविणारी विशेषणे ह्यांपासून बनलेली नावे आजही प्रचारात आहेत. तोमोर (लोखंड), चुलून (दगड), सुख (कुऱ्हाड), बात (दृढ), मोंख (शाश्वत), अल्तान (सोने) हे शब्द पुरुषांच्या नावांत वारंवार येतात. स्त्रियांच्या नावांत त्सेत्सेग (फूल), तुया (किरण), सारान (चंद्र) हे शब्द विशेष आढळतात. ओयून (बुद्धी), गेरेल (प्रकाश), एंख (शांती) व बायार (आनंद) हे शब्द स्त्रीपुरुष दोघांच्याही नावांत येतात.

ह्याच काळातील दोन शब्द पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजेत. 'बातर' (जुने रूप बाआतुर) म्हणजे वीर. हा शब्द नावाच्या शेवटी बिरुदासारखा जोडला जाई. चंगीझचा बाप येसुगेई बाआतुर म्हणूनच ओळखला जातो. दुसरा शब्द 'नोकोर'. आपली टोळी सोडून स्वेच्छेने एखाद्या नायकाच्या पाठीशी उभा राहणारा शपथबद्ध सोबती, असा त्याचा अर्थ होता. बोओर्चू व जेल्मे हे तेमुजिनचे पहिले नोकोर होत. फार्सीतून हा शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा त्यातील बरोबरीचे नाते गळून गेले आणि मराठीत 'नोकर' हा पगारी सेवक ठरला. आजच्या मंगोल भाषेत मात्र त्याच शब्दाचा अर्थ 'सोबती' व 'पती' असा आहे, आणि साम्यवादी राजवटीत परस्परांना 'कॉम्रेड' म्हणून संबोधण्यासाठीही तोच वापरला जाई. अशाच मार्गाने 'दारुगा' (शिक्का उमटविणारा अधिकारी, राज्यपाल) ह्या मंगोल संज्ञेपासून आपल्याकडील 'दारोगा' आला.

भारतीय व तिबेटी नावे : मंगोलांचा बौद्ध धर्माशी संबंध कुब्लाई खानाच्या काळापासून असला, तरी सर्वसामान्य लोकांत त्याचा प्रसार सोळाव्या शतकात झाला. १५७८ मध्ये तुमेत मंगोलांचा प्रमुख अल्तान खान ह्याने तिबेटी धर्मगुरू सोनम ग्यात्सो ह्यास 'दलाई लामा' ही पदवी दिली. 'दलाई' हा मंगोल शब्द असून त्याचा अर्थ 'सागर' असा आहे. तिबेटच्या सर्वोच्च धर्मपीठाचे जगप्रसिद्ध नाव अशा प्रकारे अर्धे मंगोल आहे. त्याच्या मोबदल्यात, असे म्हटले तर चालेल, तिबेटने मंगोलांना हजारो व्यक्तिनामे दिली. मुलाचे नाव लामाकडून घेण्याची प्रथा पडली आणि घरोघरी तिबेटी नावे रूढ झाली.

ह्या नावांच्या मुळाशी बहुधा संस्कृत कल्पना असतात. एका 'वज्र' शब्दाचा प्रवास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. मंगोल नावांत वज्राची तीन रूपे आढळतात : मध्य आशियातील उइगुर लोकांकडून आलेले 'ओचिर', संस्कृत शब्दाच्या तिबेटी उच्चारावरून आलेले 'बाजार' आणि वज्राच्या तिबेटी प्रतिशब्दावरून आलेले 'दोर्ज'. १९९० ते १९९७ ह्या काळात मंगोलियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष असलेले पुन्सालमागीन ओचिरबात ह्यांच्या नावाचा अर्थ 'वज्राप्रमाणे दृढ'. २००९ ते २०१७ ह्या काळातील राष्ट्राध्यक्ष त्साखियागीन एल्बेगदोर्ज ह्यांच्या नावात 'विपुल' आणि 'वज्र' हे दोन शब्द आहेत. मंगोलांचे पहिले जेबत्सुंदाम्बा धर्मगुरू आणि श्रेष्ठ मूर्तिकार झानाबाजार (१६३५–१७२३) ह्यांचे नाव तर शुद्ध संस्कृत 'ज्ञानवज्र' होय. त्यांनी १६८६ मध्ये तयार केलेल्या लिपीस 'सोयोम्बो' म्हणतात. हा 'स्वयंभू' शब्दाचा अपभ्रंश असून त्या लिपीतील एक चिन्ह आज मंगोलियाच्या राष्ट्रध्वजावर आहे.

'रत्न' शब्दाचीही अशीच दोन कुळे आहेत : संस्कृतमधून आलेले 'एर्देने' आणि तिबेटीतून आलेले 'रिनचेन'. भाषाशास्त्रज्ञ व कादंबरीकार ब्याम्बिन रिनचेन (१९०५–७७) हे दुसऱ्या प्रकारच्या नावाचे सुप्रसिद्ध उदाहरण आहे. आधुनिक मंगोल साहित्याचे जनक दाशदोर्जिन नात्सागदोर्ज (१९०६–३७) ह्यांच्या नावाचा अर्थ 'विश्ववज्र' आणि त्यांच्या वडिलांच्या नावाचा 'शुभवज्र'. 'गुप्त इतिहासा'चे आधुनिक मंगोल भाषेत रूपांतर करणारे आणि मंगोलियातील रामकथेचा अभ्यास करणारे त्सेंदिन दामदिनसुरेन (१९०८–८६) ह्यांच्या नावातील 'दामदिन' म्हणजे बौद्धांचा हयग्रीव. संपूर्ण नावाचा अर्थ 'हयग्रीवाने रक्षिलेला' असा होतो.

वारांची नावे हा आणखी एक मोठा वर्ग आहे. जन्मवारावरून ठेवलेली न्याम (रविवार), दावा (सोमवार), म्याग्मार (मंगळवार), ल्हाग्वा (बुधवार), पुरेव (गुरुवार), बासान (शुक्रवार) व ब्याम्बा (शनिवार) ही तिबेटी नावे सर्वत्र आढळतात. त्यांच्याच शेजारी ग्रहांची संस्कृत नावेही नांदतात : आदिया (आदित्य), सुमिया (सोम), अंगाराग (अंगारक), बुद (बुध), बार्खासबादी (बृहस्पती), सुगार (शुक्र) आणि सांचिर (शनैश्चर). ह्यांतील काहींचा व्यक्तिनामांतही उपयोग होतो. मराठी मुलखातील सोमा, बुधा, मंगळ्या ही नावे ज्याच्या कानांवरून गेली आहेत त्याला ही यादी परकी वाटणार नाही. मंगोल ग्रंथांतील ह्या भारतीय अंशाच्या अभ्यासाला चालना देणाऱ्या विद्वानांत आचार्य रघुवीर (१९०२–६३) ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांची 'सरस्वती विहार' ही संस्था १९४६ पासून सुमारे दहा वर्षे नागपूर येथे होती. १९५५ मध्ये त्यांनी मंगोलियाचा प्रवास करून तेथील ग्रंथसंपदेचा संग्रह केला.

संरक्षक नावे : लहानपणीच दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण जेथे मोठे असते तेथे दुष्ट शक्तींची दृष्टी चुकविण्यासाठी मुलाला मुद्दाम हीन किंवा फसवे नाव ठेवण्याची चाल आढळते. मंगोल लोकांत ही चाल विशेष दृढ आहे. नेरगुई म्हणजे 'नाव नसलेला', एनेबिश म्हणजे 'हा नव्हे', तेरबिश म्हणजे 'तो नव्हे', खुनबिश म्हणजे 'माणूस नव्हे', आणि मू-नोखोई म्हणजे 'वाईट कुत्रा'. मुलाला न्यायला आलेल्या भूतपिशाचाने नाव विचारले तर त्याला उत्तर मिळू नये, हा त्यामागील हेतू. ज्या घरात एकामागून एक मुले गेली त्या घरात अशी नावे हटकून सापडतात. महाराष्ट्रातील दगडू, धोंडू, केरू, भिका ही नावे ह्याच भीतीतून व मायेतून जन्मली. दगडाचे नाव दिलेला चुलून आणि आपला दगडू ह्यांच्यात हजारो किलोमीटरांचे अंतर असले, तरी दगडाचे टिकाऊपण दोघांच्याही वाट्याला यावे अशी आस दोन्हीकडे आहे. येथे उसनवारीचा प्रश्नच येत नाही. समान दुःखातून समान उपाय स्वतंत्रपणे निघाले आहेत. मात्र बाह्य साम्याने फसूनही चालत नाही. मराठीतील 'नकोशी' किंवा 'नकुसा' हे मुलीचे नाव वरकरणी 'एनेबिश'सारखेच नकारार्थी आहे. परंतु त्यामागे मूल जगावे ही इच्छा नसून मुलगी झाल्याची नाराजी आहे. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा शेकडो मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली, ती ह्याच कारणासाठी.

नामरचना व कुलनाम : मंगोल माणसाचे खरे नाव एकच असते. त्याच्या आधी वडिलांचे नाव षष्ठी विभक्तीत येते. 'त्साखियागीन एल्बेगदोर्ज' म्हणजे 'त्साखियाचा एल्बेगदोर्ज'. म्हणून त्यांचा उल्लेख एल्बेगदोर्ज असाच करावयाचा असतो. त्साखिया हे आडनाव समजून तेवढेच वापरणे म्हणजे मुलाऐवजी बापाला हाक मारणे होय. वडिलांच्या जागी आईचे नावही येऊ शकते. साम्यवादी राजवटीचे प्रमुख खोर्लोगीन चोइबाल्सान (१८९५–१९५२) हे आपल्या आईच्या, खोर्लोच्या, नावाने ओळखले जातात. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलत नाही. मराठी रीतीत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये आणि आडनाव शेवटी येते, आणि पूर्वी विवाहाबरोबर मुलीचे स्वतःचे नावदेखील बदलले जाई. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय नोंदीत आईचे नाव घालण्याची तरतूद महाराष्ट्र शासनाने केल्यामुळे ह्या बाबतीत दोन रीतींमधील अंतर थोडे कमी झाले आहे.

प्राचीन काळी मंगोलांना 'ओवोग' म्हणजे कुलनाम होते. चंगीझचे कूल बोर्जिगिन. १९२१ च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या राजवटीने सरदार घराण्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी १९२५ च्या सुमारास कुलनामांचा वापर बंद केला. दोन-तीन पिढ्यांत बहुतेक कुटुंबे आपले कूल विसरून गेली. १९९० च्या लोकशाही क्रांतीनंतर कुलनामे पुन्हा सुरू करण्याचे ठरले आणि १९९७ मध्ये तसा कायदा झाला. तेव्हा निवडीची वेळ आल्यावर फार मोठ्या संख्येने लोकांनी चंगीझचे बोर्जिगिन हे कूल स्वीकारले. ते सर्व चंगीझचे वंशज असणे शक्यच नव्हते. आठवण पुसली गेलेल्या समाजाने आपल्यासाठी सर्वांत अभिमानास्पद वाटणारे नाव निवडले, एवढाच त्याचा अर्थ. जुग्देर्देमिदीन गुर्रागचा (जन्म १९४७) ह्यांनी मात्र वेगळी वाट धरली. मार्च १९८१ मध्ये सोयूझ-३९ यानातून अवकाशात जाणारे ते पहिले मंगोल होत. त्यांनी आपले कुलनाम म्हणून 'सान्सार' हा शब्द निवडला. आधुनिक मंगोल भाषेत त्याचा अर्थ 'अंतराळ'. मूळ शब्द संस्कृत 'संसार'. बौद्ध ग्रंथांतील जन्ममृत्यूचे चक्र मंगोल भाषेत विश्वाच्या पोकळीचे नाव झाले आणि तोच शब्द मराठीत घरगृहस्थीपुरता उरला.

आधुनिक नावांत मूळ मंगोल शब्दांचा पुन्हा उत्कर्ष झालेला दिसतो. क्रांतीचे नेते दामदिनी सुखबातर (१८९३–१९२३) ह्यांचे नाव 'कुऱ्हाड-वीर' अशा अर्थाचे आहे. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले उखनागीन खुरेलसुख ह्यांच्या नावाचा अर्थ 'काशाची कुऱ्हाड'. लोकशाही चळवळीचे नेते सान्जासुरेंगीन झोरिग (१९६२–९८) ह्यांच्या नावाचा अर्थ 'धैर्य'. त्यांच्या हत्येनंतर राजकारणात आलेल्या त्यांच्या भगिनी ओयून ह्यांच्या नावाचा अर्थ 'बुद्धी'. जपानी सुमो कुस्तीत सर्वोच्च योकोझुना पद मिळविणारे आसाशोर्यू व हाकुहो ह्या जपानी नावांनी प्रसिद्ध असलेले मल्ल अनुक्रमे दोल्गोरसुरेंगीन दाग्वादोर्ज (जन्म १९८०) व मोंखबातीन दावाजार्गाल (जन्म १९८५) होत. दावाजार्गाल ह्या एका नावात तिबेटी सोमवार व मंगोल 'सुख' हे शब्द एकत्र आले आहेत, आणि आखाड्यातील त्यांची ओळख जपानी आहे.

इराणमार्गे दक्षिणेकडे : पश्चिमेकडे गेलेल्या मंगोलांची कथा निराळी आहे. चंगीझचा नातू हुलागू ह्याने १२५८ मध्ये बगदाद घेतले आणि इराणमध्ये इल्खानी राजघराणे स्थापन केले. त्याचा पणतू ओल्जैतू (कार. १३०४–१६) ह्याला लहानपणी ख्रिस्ती संस्काराने निकोलस असे नाव मिळाले होते, पुढे तो बौद्ध व अखेरीस मुसलमान झाला आणि महंमद खुदाबंदा म्हणवू लागला. त्याचा मुलगा अबू सईद (कार. १३१६–३५) ह्याने अरबी नावापुढे 'बहादूर खान' हे बिरुद लावले. 'बाआतुर'चे फार्सी रूप 'बहादूर' अशा रीतीने मुसलमानी राजबिरुदांत जाऊन बसले. धर्म बदलला, भाषा बदलली, नाव बदलले. पराक्रमाचे बिरुद तेवढे टिकले.

'खान' हा शब्द मंगोलांहून जुना असून तुर्की टोळ्यांतही रूढ होता. मंगोल साम्राज्याने त्याला अशी प्रतिष्ठा दिली, की चंगीझच्या वंशाबाहेरील माणसाने राज्यकर्ता म्हणून तो धारण करणे अनुचित मानले जाई. प्रत्यक्ष तैमूर (१३३६–१४०५) हा चंगीझवंशीय नसल्यामुळे खान म्हणवीत नसे. चंगीझच्या घराण्यातील स्त्रीशी विवाह केल्यामुळे त्याने 'गुरेगेन' म्हणजे 'जावई' ही मंगोल पदवी घेतली. त्याचे वंशज असलेले दिल्लीचे बादशाह स्वतःच्या घराण्यास 'गुरकानी' म्हणवीत ते ह्यामुळे. 'मुघल' हे 'मंगोल' शब्दाचे फार्सी रूप त्यांना इतरांनी चिकटविले. बाबराची आई कुतलुघ निगार खानम ही चंगीझचा मुलगा चगताई ह्याच्या वंशातील होती, एवढ्यापुरते ते सार्थ होते.

दिल्लीच्या दरबारात 'खान' हा शब्द राजाच्या पातळीवरून अमीराच्या पातळीवर आला आणि दख्खनमध्ये तो सुलतानाने बहाल करावयाचा किताब झाला. तो अफगाण, इराणी, तुर्क, हबशी व स्थानिक अशा सर्व प्रकारच्या सरदारांना मिळाला. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगरच्या निजामशाहीतील आहे. पहिल्या मूर्तझा निजामशाहाच्या काळात, १५७० नंतरच्या वर्षांत, चंगीझ खान हा राज्याचा मुख्य प्रधान होता. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकण्यात त्याचा मोठा वाटा होता. हा चंगीझ खान मंगोल नव्हे, तर आफ्रिकेतील हबशी होता. त्याने विकत घेतलेला एक हबशी गुलाम पुढे मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) म्हणून इतिहासप्रसिद्ध झाला. 'अंबर' हे सुगंधी द्रव्याचे नाव आहे. गुलामांना काफूर, याकूत, अंबर अशी मौल्यवान वस्तूंची नावे ठेवण्याची तेव्हा पद्धतच होती. मंगोल सम्राटाचे नाव धारण करणारा आफ्रिकी धनी आणि अरबी अत्तराचे नाव मिळालेला आफ्रिकी चाकर ह्या दोघांनी मराठी मुलखाच्या इतिहासाला वळण दिले.

कंधार व परिसर : नांदेड जिल्ह्यातील मन्याड नदीकाठचे कंधार हे राष्ट्रकूटकालीन नगर होय. 'कंधारपुरवराधीश्वर' हे बिरुद राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (दहावे शतक) ह्याच्याशी निगडित असून येथील विस्तीर्ण तलाव जगत्तुंग सागर ह्या नावाने ओळखला जातो. राष्ट्रकूटांची बिरुदे ही नावांच्या इतिहासातील येथील पहिली पायरी. त्यानंतर तुघलक, बहमनी व निजामशाही राजवटींत येथील भुईकोट किल्ल्यावर फार्सी-अरबी नावांची दुसरी पायरी आली. १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने नासिरी खानाच्या नेतृत्वाखाली हा किल्ला निजामशाहीकडून घेतला. बादशाही चित्रकारांनी 'पादशाहनामा' ग्रंथाच्या सचित्र प्रतीत ह्या प्रसंगाचे चित्र काढले आहे. फार्सीत कंधार आणि अफगाणिस्तानातील कंदहार ही नावे सारखीच लिहिली जात असल्यामुळे हे दख्खनचे कंधार, असा खुलासा करावा लागतो. नावातील साम्य म्हणजे संबंध नव्हे, हा धडा ह्या गावाच्या नावातच आहे.

नासिरी खानाचे मूळ नाव ख्वाजा साबिर. कंधार, आणि पुढे १६३६ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर व औसा, हे किल्ले घेणारा हा सरदार खान-इ-दौरान ह्या किताबाने प्रसिद्ध झाला. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हा हबशी होता. किल्ला सोडून बादशाही चाकरीत आल्यावर त्याला 'हबश खान' असा किताब मिळाला. ह्या दोन शब्दांत आफ्रिकेचा उगम आणि मंगोल दरबाराची परंपरा शेजारी शेजारी बसल्या आहेत. उदगीरच्या किल्ल्यावर समोरासमोर उभे राहिलेले हे दोघेही अखेर 'खान' झाले, आणि दोघांपैकी एकालाही चंगीझच्या वंशाचा आधार नव्हता.

'बहादूर' शब्दाचा दख्खनमधील संचार ह्याहून विस्तृत आहे. मोगलांशी झुंजलेल्या चांदबीबीच्या आश्रयाखालील बालराजा बहादूर निजामशाह (कार. १५९६–१६००) ज्या घराण्यातील होता त्याचा मूळ पुरुष, फिरिश्त्याच्या कथनानुसार, मराठवाड्यातील पाथरीच्या ब्राह्मण कुळातून आलेला होता. श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड औरंगजेबाचा सुभेदार बहादूर खान कोकलताश ह्याच्या नावाचा होय. पहिला बाजीराव व मस्तानी ह्यांचा मुलगा कृष्णराव हा शमशेर बहादूर (१७३४–६१) म्हणून पानिपतावर लढला व जखमी होऊन मरण पावला. त्याच्या मुलाने, अली बहादूरने, बुंदेलखंडात बांद्याचे राज्य स्थापिले. इंग्रजी अमदानीत सरकारने 'खानबहादूर' व 'रावबहादूर' हे किताब सुरू केले आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही रावबहादूर झाले. येसुगेईच्या नावामागचा शब्द अशा रीतीने पुण्याच्या समाजसुधारकांच्या नावामागे येऊन थांबला. स्वातंत्र्यानंतर असे किताब बंद झाले. 'बहाद्दर' हे विशेषण मात्र पोवाड्यांत आणि बोलण्यात राहिले.

मराठवाड्यात ह्या परंपरेचा शेवटचा अंक आसफजाही राजवटीचा. कंधार तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारच्या इंग्रजी मुलखातील मराठी माणूस ह्या प्रदेशाला 'मोगलाई' म्हणत असे. ह्या नावात 'मंगोल' शब्द स्पष्ट आहे. परंतु अखेरचा निजाम मीर उस्मान अली खान (१८८६–१९६७) ह्याचे घराणे आपला वंश पहिला खलिफा अबू बक्र ह्याच्याशी जोडी व स्वतःस सिद्दीकी म्हणवी. म्हणजे प्रदेशाचे नाव मंगोल, राजाच्या नावातील 'खान' व 'बहादूर' मध्य आशियाई, आणि वंशाचा दावा अरबी. ह्यांपैकी कोणत्याही एका धाग्यावरून संपूर्ण कापडाची परीक्षा करता येत नाही.

मूल्यमापन : वरील विवेचनावरून व्यक्तिनामांचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग कसा करावा, ह्याची काही सूत्रे हाती येतात. झानाबाजार हे संस्कृत नाव पाहून कोणी त्यांना भारतीय म्हणत नाही; दाग्वादोर्ज हे तिबेटी नाव असूनही त्या मल्लास कोणी तिबेटी मानीत नाही. तोच न्याय दख्खनमधील नावांना लावला पाहिजे. एखाद्या शिलालेखात वा दप्तरात 'खान' आढळला, तर तो परदेशातून आला असे अनुमान काढण्यापूर्वी तो किताब कोणी, केव्हा व कोणत्या कामगिरीबद्दल दिला हे पाहणे आवश्यक असते. आजच्या खान, पठाण, मोगल इ. आडनावांच्या कुटुंबांविषयी तर ही सावधगिरी अधिकच हवी. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज ह्याच मातीत नांगर धरणारे, विणणारे किंवा गढीवर पहारा देणारे असण्याचा संभव असतो. नाव हा पुरावा आहे. तो दरबाराचा, धर्माचा, भाषेचा व आईबापांच्या आशेचा पुरावा आहे. वंशाचा पुरावा म्हणून तो फार अपुरा आहे.

१९२४ मध्ये मंगोलियाच्या राजधानीचे नाव बदलून 'उलानबातर' म्हणजे 'लाल वीर' असे ठेवण्यात आले. कंधारला लागून असलेल्या गावाचे नाव बहाद्दरपुरा आहे. ह्या दोन ठिकाणांच्या नावांत एकच शब्द आहे, आणि त्यांच्या रहिवाशांत कोणतेही रक्ताचे नाते नाही.